संगीत क्षेत्रातला मुलगा

प्रबुद्धला गळती ऐकू येते. पाण्याची नाही, हवेची.

बोरी बुद्रुकच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. एकदा कवितेचा तास चालू होता. प्रबुद्ध उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गाडीच्या मागल्या चाकातनं हवा चाललीय." गाडी बाहेर होती, लिंबाखाली. गुरुजींनी त्याला वर्गाबाहेर काढलं. तो जाऊन गाडीजवळ बसला. तास संपला तेव्हा मागलं चाक पार बसलं होतं आणि प्रबुद्ध त्याच्याकडं आजारी नातेवाइकाकडं बघावं तसा बघत होता.

तेव्हापासून मी थक्क आहे. पुढं मी मराठी साहित्य घेऊन पदवीधर झालो. तरी या माणसाचं काय करावं ते मला कळलेलं नाही.

कान त्याला घरातून मिळाले. त्याच्या वडिलांची गायन पार्टी होती. भीमजयंतीच्या हंगामात जुन्नर-आंबेगावातली गावं करायला त्यांना रात्री पुरायच्या नाहीत. पेटी जुनी होती. भात्यातून हवा जायची आणि ऐन गाण्यात सूर बसायचा. प्रबुद्ध पेटीला कान लावून पडायचा, फट शोधायचा आणि तिथं मऊ चामड्याची पट्टी चिकटवायचा. शाळा सुटली तशी त्यानं रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. अर्ध्या शेडीत इंजिनं, अर्ध्या शेडीत पेट्या. भजनी मंडळाचे बुवा पेटी न्यायला आले की हा ती एखाद्या पिकअपच्या बॉनेटवर ठेवून वाजवून दाखवतो.

"दोन्ही एकच हाय, सुदर्शन," तो मला म्हणतो. "पेटीत काय असतं? हवा भरायची, कोंडायची आन् आपल्याला पाहिजे तिथनंच सोडायची. टर्बोच्या गाडीत काय असतं? सायलेन्सरकडं चाललेला धूर वाटेत पंखा फिरवतो. तो पंखा इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, तर ताकद जास्त. मधल्या पाइपातनं हवा निसटली, की गाडी दमली. भात्याला भोक पडल्यागत."

अमृताशी त्याची ओळखही अशीच झाली. जुन्नरच्या बाजारात ती स्कूटीवरून चालली होती. हा मागून ओरडत पळाला, "ओ ताई, थांबा, हवा चाललीय!" तिला वाटलं, टवाळ दिसतोय. ती थांबली ती चप्पल काढायलाच. मग तिनं चाक बघितलं. पुढच्या दोन-तीन पंक्चरांत 'ताई' आपोआप गळून पडली.

दोघांचं ठरलं. राहिला होता फक्त पाहण्याचा कार्यक्रम आणि अमृताचे वडील.

नानासाहेब पारगावचे. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आयुष्यभर डबल बेल ऐकल्याशिवाय त्यांनी गाडी हलवली नव्हती, आणि ती सवय घरीही टिकली होती. कुणीतरी पत्र्यावर दोनदा हात मारल्याशिवाय त्यांचा पाय क्लचवरून उठत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं एक जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली. पहिले काही दिवस ती पाखरासारखी पळाली. मग तिचा दम तुटू लागला. चढाला काळा धूर, आणि सपाटीलाही रडगाणं. एका मेकॅनिकनं फिल्टर बदलला. दुसऱ्यानं पंप खोलला. तिसरा म्हणाला, टर्बोच गेलाय. टर्बोही उतरवून पुन्हा बसवून झाला. गाडी होती तशीच.

शेवटी कारखान्याच्या रस्त्यावर उसानं भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरनं नानासाहेबांना ओव्हरटेक केलं. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना हात दाखवला. त्या दिवशी नानासाहेबांनी घरात जाहीर केलं, "इथून पुढं मेकॅनिक या घराच्या पायरीवर नको."

अमृतानं हे प्रबुद्धला फोनवर सांगितलं. तो माझ्याकडं आला. तोंड पार उतरलेलं. आम्ही त्याच्या भिकामामांकडं गेलो. भिकामामांनी तालुक्यातली निम्मी लग्नं जमवलेली. ते हसले.

"पेटी दुरुस्त करतोस ना?"

"करतो."

"मग झालं. मुलगा संगीत क्षेत्रात हाय."

"मामा, आन् गॅरेज?"

"गॅरेजचं इचारलं कुणी? न्हाई इचारलं तर सांगायचं कशाला?" मग मामा माझ्याकडं वळले. "सुदर्शन, तुला एकच काम. ह्याला त्यांच्या गाडीकडं बघू द्यायचं न्हाई."

रविवारी आम्ही निघालो. प्रबुद्धनं लिंबू आणि कपडे धुण्याची पावडर लावून नखं घासली होती. अंगात पांढराशुभ्र शर्ट. त्याच्या हाताला डिझेलचा वास येत नव्हता. हे मी जन्मात पहिल्यांदा अनुभवत होतो.

पारगावात हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॉल्यांची रांग थेट नानासाहेबांच्या घरापर्यंत आलेली. प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं, सगळी एकदम चालू. घर रस्त्यापेक्षा खाली होतं. उतरत्या अंगणात ती गाडी उभी होती. प्रबुद्धनं तिच्याकडं पाठ करून चपला काढल्या. मला त्याचा अभिमान वाटला.

जय भीम झालं. पाणी आलं. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. नानासाहेब ताठ बसले होते, समोर काच असल्यासारखे.

"संगीत क्षेत्रात म्हंजी नेमकं काय?" त्यांनी विचारलं.

"पेटी," प्रबुद्ध म्हणाला.

"वाजवता?"

"वाजवतो बी. आन् आतनं बघतो बी."

भिकामामांना ठसका लागला. "खोलात जातो वो लई," ते म्हणाले. "वरवरचं जमत न्हाई त्याला."

नानासाहेबांनी मान हलवली. त्यांना हे आवडलेलं दिसलं. अमृता पोहे घेऊन आली. तिनं प्रबुद्धला बशी देताना मान वर केली नाही, पण त्याच्या बशीत शेंगदाणे जास्त होते. सगळं छान चाललं होतं. मी पहिला घास घेतला.

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. "नाना, गाडी जरा वर रस्त्याला घ्या. अंगणातनं ट्रॉली वळवायचीय."

नानासाहेब उठले. त्यांच्या मागं अमृताची आई फुलाबाईही गेल्या, पत्र्यावर दोनदा हात मारायला. टण टण. गाडी सुरू झाली. अंगणाचा चढ होता म्हणून नानासाहेबांनी जोरात रेस दिली.

फुस्स्स्स्.

"ऐकलं का!" फुलाबाई दारात पळत येऊन ओरडल्या. "फुत्कारली बघा! आत घोणस हाय. मी कवापासनं सांगतेय."

भिकामामांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला घोणशीचं वेगळं सांगावं लागत नाही. ती कुकरसारखी फुत्कारते, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. अमृता म्हणाली, "दोनदा सर्पमित्र येऊन गेले. काही सापडलं नाही. पण आई गाडीत बसतच नाही."

मी प्रबुद्धकडं बघितलं. त्याचा घास तोंडात तसाच होता. डोळे मिटलेले.

"प्रबुद्ध," मी हळूच म्हणालो.

"घोणस न्हाय."

"गप."

"खालच्या पाइपाला हाय. इंटरकूलरपाशी, हवा गार व्हती तिथं."

"अरे, गप बस ना राव."

अमृतानंही ऐकलं. तिनं डोळ्यांनीच त्याला सांगितलं, उठू नकोस. त्यानंही डोळ्यांनी तिला सांगितलं, नाही उठत. मी त्याची बाही धरून ठेवली. बाहेर नानासाहेबांनी परत रेस दिली.

फुस्स्स्स्स्स्.

माझ्या हातात शर्टाचं एक बटण राहिलं. प्रबुद्ध अंगणात होता.

"पावणं, लांब व्हा," नानासाहेब गाडीतून म्हणाले. "जनावर असंल."

"जनावर न्हाय. हवा हाय. टर्बोची हवा गळतीय."

नानासाहेबांनी इंजिन बंद केलं. ते खाली उतरले. "तुमाला काय म्हाईत?"

प्रबुद्धनं माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, अमृताकडं बघितलं. मग सगळंच सोडून दिलं. "मी मेकॅनिक हाय," तो म्हणाला.

रस्त्यावर ट्रॅक्टरांची गाणी चालूच होती.

"संगीत क्षेत्रातला," खुर्चीवरून भिकामामा म्हणाले.

नानासाहेब लाल झाले. मला वाटलं, आम्हाला आता पोह्यांसकट बाहेर काढणार. पण आतून अमृता आली आणि वडिलांशेजारी उभी राहिली. "नाना, त्याला बघू द्या. मी त्यालाच हो म्हटलंय. तो मेकॅनिक आहे, हे मला माहीत होतं."

"तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

नानासाहेब गाडीकडं बघत म्हणाले, "आजवर जो आला तो मला कानानं ऐकून सांगून गेला. मला डोळ्यांनी बघायचीय गळती. दाखवली तर बसू, बोलू. न्हाई दाखवली तर पोहे खायचे आन् निघायचं. लग्नाचं नाव न्हाई."

"दाखवतो," प्रबुद्ध म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला, की जणू होकारच मिळाला होता.

इंजिन बंद असताना त्या पाइपांत हवा भरायची, असं त्याचं म्हणणं. म्हणजे गळती जागच्या जागी बोलते. फिल्टरकडून टर्बोत जाणारा रबरी पाइप त्यानं सोडला. त्याच्या तोंडाला बूच हवं होतं. नानासाहेबांची थोडी शेती होती, आणि अशा घरी पाइपलाइनची प्लास्टिकची टोपणं पडलेलीच असतात. एक बरोबर बसलं. त्याला भोक पाडून त्यानं जुन्या ट्यूबचा व्हॉल्व बसवला. कारखान्याच्या फाटकापाशी भरतचं पंक्चरचं दुकान आहे. भरत कॉम्प्रेसर टेम्पोत घालून आला. अमृतानं शाम्पू आणि पाणी फवारणीच्या पंपात कालवलं. ट्रॉल्या हलत नव्हत्या, त्यामुळं झाडून सगळे ड्रायव्हर कुंपणावर येऊन बसले. नानासाहेबांना ओव्हरटेक करणाराही त्यांत होता.

"काय नाना, सापाचं बारसं का?" त्यानं विचारलं.

"तू गप ऊस सांभाळ," नानासाहेब म्हणाले.

भरतनं हवा सोडली. उत्साहात जरा जास्तच सोडली. धाडकन आवाज झाला. टोपण बंदुकीच्या गोळीसारखं उडालं आणि अंगणात खुर्ची आणून बसलेल्या भिकामामांच्या डोक्यावरून उसाच्या ट्रॉलीत जाऊन पडलं. मामा खुर्चीखाली गेले. कुंपणावर शिट्ट्या वाजल्या.

"नवरदेव, वरातीची तोफ आत्ताच?"

"टोपण काढा रं! कारखान्यात गेलं तर साखरंत निघंल!"

एक जण उसावर चढला आणि त्यानं टोपण शोधून फेकलं. प्रबुद्धनं या वेळी ते क्लॅम्पनं आवळलं. "भरतभाऊ, गाडीचं चाक न्हाय हे. पेटीच्या भात्यागत हळू."

भरतनं हळू सोडली. अमृता फवारत गेली. वरचे सगळे जोड फेसानं भरले. आम्ही बॉनेटवर वाकून बघत होतो. फेस नुसता बसून राहिला. एकही बुडबुडा नाही. नानासाहेबांच्या कपाळावर आठी आली. प्रबुद्धच्या शर्टावर काळे पट्टे आले होते, पण चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली.

"मला ऐकू येईना," तो म्हणाला. "ही गाणी बंद करा कुणीतरी."

अमृता रस्त्यावर गेली. ती ट्रॅक्टरांच्या रांगेला काय म्हणाली ते कळलं नाही. पण एकेक गाणं मिटत गेलं, लांबवर. मग इंजिनंही बंद झाली; टाकीत हवा होती म्हणून भरतनं कॉम्प्रेसरही थांबवला. पारगावात हंगामात एवढी शांतता कुणी ऐकली नसेल. दूर एक कुत्रं भुंकलं. कुंपणावरून कुणीतरी त्यालाही दटावलं.

प्रबुद्ध पांढऱ्या शर्टानिशी गाडीखाली शिरला. डोळे मिटून पडून राहिला. मी कवितेच्या तासाला बाहेर बसलेला मुलगा बघत होतो.

"अमृता," तो खालून म्हणाला, "पंप हिकडं दे. नाना, तुमी बी या."

नानासाहेबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि ते पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. त्यांचे पाय बाहेर, शेजारी प्रबुद्धचे पाय. मला राहवेना. मीही शिरलो.

खालच्या पाइपाच्या पोटावर, क्लॅम्पजवळ, फेसाचा एक ठिपका हलला. त्याचा बुडबुडा झाला. बोराएवढा. लिंबाएवढा. चांगल्या टोमॅटोएवढा. त्यात आम्ही तिघंही उलटे दिसत होतो. मग तो नानासाहेबांच्या नाकावर फुटला.

"दिसली," नानासाहेब म्हणाले. आवाज एकदम लहान मुलाचा. "दिसली की वो!"

"दिसली!" मी बाहेरच्यांना ओरडून सांगितलं. कुंपणावर टाळ्या पडल्या.

प्रबुद्ध मात्र बोटानं पाइप दाबत होता. "रबर इतकं मऊ कसं पडलं? इथं चिरलंय बी." त्यानं मागं हात घातला. पाइप आणि चौकटीच्या मधून त्यानं एक फडकं ओढून काढलं. ओलं, काळं, डिझेलनं निथळणारं. "हा बोळा कुणाचा?"

नानासाहेब गाडीखालून बाहेर आले आणि त्यांनी बोळा वर धरला. "हा कुठल्या मेकॅनिकनं ठेवला?"

फुलाबाईंनी पदर सारखा केला.

"मी ठेवला," त्या म्हणाल्या.

"तू?"

"जनावराला डिझेलचा वास सोसत न्हाई म्हणत्यात. पहिल्यांदा बारीक फुत्कारली, तवा एक बोळा ठेवला. मग मोठ्यानं फुत्काराय लागली, तवा रोज नवा ठेवायला लागले. रोज भिजवून."

प्रबुद्ध हसू दाबत म्हणाला, "मावशी, क्लॅम्प जरासा ढिला व्हता, तेवढंच. डिझेलनं रबर फुगतं, मऊ पडतं. तुमी वास दिला की भोक वाढायचं. भोक वाढलं की फुत्कार वाढायचा."

"आन् फुत्कार वाढला की मी डिझेल वाढवायचे," फुलाबाई म्हणाल्या. आणि तोंडाला पदर लावला.

नानासाहेब बोळ्याकडं बघत राहिले. किती मेकॅनिकांना त्यांनी शिव्या घातल्या होत्या ते सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसू पोटातून छातीत आलं, छातीतून तोंडात. ते गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले आणि डोळे पुसत हसत सुटले. "घोणस," ते म्हणायचे आणि परत हसायचे. "घोणस घरातच व्हती, राव!" फुलाबाईंनी तोच बोळा त्यांना फेकून मारला.

पाइपाचं चिरलेलं टोक प्रबुद्धनं कापून टाकलं. उरलेला पाइप थोडा ओढून परत बसवला. विहिरीवरच्या मोटारीचा एक चांगला क्लॅम्प नानासाहेबांनीच शोधून आणला. "हे तात्पुरतं हाय," प्रबुद्ध म्हणाला. "नवा पाइप टाकावा लागंल." परत हवा भरली. परत फेस. फेस गप्प बसला.

नानासाहेब गाडीत बसले, शेजारी प्रबुद्ध, मागं मी. फुलाबाईंनी आधी काठीनं सीटखाली ढोसून बघितलं. मग टण टण.

गाडी अंगणाचा चढ अशी चढली, की माझं डोकं मागं आपटलं. रस्त्याला लागलो. तोवर ट्रॉल्या हलायला लागल्या होत्या. नानासाहेबांनी तिसरा टाकला. एक ट्रॉली मागं. दुसरी मागं. टर्बोची बारीक शीळ येत होती आणि प्रबुद्ध मान डोलावून तिला दाद देत होता. मग तो ट्रॅक्टर आला, तोच. नानासाहेबांनी हॉर्न दिला, काच खाली केली आणि पूर्ण हात बाहेर काढून दाखवला. कारखान्याच्या फाटकापाशी वळसा घालून आम्ही परतलो, तेव्हा ते काहीतरी गुणगुणत होते. सूर चुकत होता. प्रबुद्ध त्यावर काही बोलला नाही. प्रेमात माणूस किती सहन करतो, ते मी बघितलं.

अंगणात सगळे उभेच होते. भरत कॉम्प्रेसर चालू ठेवूनच गप्पा मारत होता. नानासाहेब उतरले. "पोहे गरम करा," ते म्हणाले. मग अमृताकडं वळले. चेहरा एकदम गंभीर. एसटीचा ड्रायव्हर कंडक्टरकडं आरशातून बघतो, तसं त्यांनी तिच्याकडं बघितलं.

"काय मग?" ते म्हणाले. "मी तयार हाय. पण बेल तुझी."

अमृता पुढं आली. तिनं बॉनेटवर हात मारला. टण. टण.

भिकामामांनी दोन्ही हात वर केले. फुलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कुंपणावरच्या सगळ्या ड्रायव्हरांनी एकदम गाणी सुरू केली, सगळी वेगवेगळी. मी प्रबुद्धला मिठी मारायला वळलो.

तो जागेवर नव्हता. तो टेम्पोपाशी होता. मान तिरकी, डोळे मिटलेले.

"भरतभाऊ," तो म्हणत होता, "तुमच्या कॉम्प्रेसरच्या टाकीला खाली बारीक गळती हाय. आवाज येतोय."

मी त्याला खांद्याला धरून फिरवलं. "अरे, डबल बेल झाली."

"कवा?" तो म्हणाला.

अमृता बॉनेटला टेकून उभी होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.